यकृताकडे कुणी बघत नाही

माझ्या नणंदेनं माणसांची सैल पडलेली हृदयं औषधानं आवळून दाखवली म्हणून अख्खं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं, आणि मी तिसऱ्या रांगेत खुर्चीला खिळून पडद्यावरचं यकृत बघत होते. तुम्हाला वाटेल, जळते मेली नणंदेवर. जळत नव्हते हो. त्या दिवसापर्यंत तरी नव्हते. तिच्या कोटाला सकाळी इस्त्रीसुद्धा मीच करून दिली होती.

ती हृदयाच्या स्नायूवर संशोधन करते. बेचाळीस वर्षांची झाली तरी घरात तिला अजून पिल्लूच म्हणतात. त्याच इस्पितळाच्या तळघरात मी एमआरआयच्या मशीनवर काम करते, म्हणजे करत होते. तिच्या पेशंटांची चित्रं मी काढायची, तिच्या हाताखालची पोरं त्यावर हृदयाच्या कडा आखायची, त्यातून आकडे यायचे, आणि त्या आकड्यांवर पिल्लू भाषणं करायची. अशी आमच्या घरातली कामाची वाटणी. सेहेचाळीस पेशंट, सगळ्यांची हृदयं फुगून ढिली पडलेली. औषधाआधी एकदा चित्र, सहा महिन्यांनी पुन्हा एकदा. पहिलीच छोटी चाचणी, त्यामुळे औषध सगळ्यांनाच दिलेलं. औषध न घेणारी तुकडी पुढच्या मोठ्या चाचणीत येणार होती. तोवर तुलना काय ती आधीच्या आणि नंतरच्या चित्राची.

ती तुलना त्या दिवशी भिंतीएवढी करून लावली होती. डावीकडे आधीचं, उजवीकडे नंतरचं, आणि उजवीकडचं हृदय नुसत्या डोळ्यांना कळेल इतकं लहान. एरवी पोरांच्या पडद्यावर चित्र हृदयापुरतं कापून जातं, बाकीच्या छातीशी कुणाला देणंघेणं नसतं. आज पत्रकार येणार म्हणून अख्खी छाती लावली होती. सगळे हृदय बघत होते. माझी एकोणीस वर्षं मशीनवर गेली, माझी नजर आधी खाली जाते. डावीकडच्या चित्रात यकृत वर सरकलेलं. उजवीकडच्यात तेच यकृत चांगलं दोन बोटं खाली, आणि फुप्फुसं हवेनं टम्म.

ते यकृत मीच खाली सरकवलं होतं.

सांगते कसं ते. ही चित्रं काढताना पेशंटला बोगद्यात झोपवतात आणि दर वेळी दहा-पंधरा सेकंद श्वास रोखायला लावतात. मी काचेपलीकडून माइकवर म्हणायची, "श्वास घ्या, सोडा, आता थांबा." सोडून थांबायचं, कारण श्वास सोडला की आतलं सगळं दर वेळी त्याच जागी येऊन बसतं. पण ज्याचं हृदय आधीच दमलंय त्याला रिकाम्या छातीनं पंधरा सेकंद काढायचे म्हणजे जीव जायची वेळ. पहिल्या फेरीत शेवटी शेवटी व्हॅनवाले काका आले. शाळेच्या मुलांची ने-आण करणारे, साठीला टेकलेले, तोंडाचा पट्टा अखंड चालू. चौथ्या श्वासाला त्यांनी हातातली घंटी अशी दाबून धरली की सोडीचनात. बाहेर काढलं तर घामानं निथळत होते आणि चक्क रडत होते. "ताई, आत कुणीतरी तोंडावर उशी दाबतंय हो," म्हणाले. चुचकारून चुचकारून त्यांची राहिलेली चित्रं काढली, पण ते रडणं काही माझ्या डोक्यातून जाईना.

दुसऱ्या फेरीपासून मी आपलं म्हणायला लागले, "श्वास घ्या, थांबा." भरल्या छातीनं माणूस आरामात थांबतो. पेशंट खूश, चित्रं स्वच्छ. फॉर्मवर श्वासाचा रकानाच नव्हता, तर लिहिणार कुठं? पिल्लूला मात्र सांगितलं होतं. आमच्याच स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून ती फोनमध्ये डोकं खुपसून चहा पीत होती तेव्हा. "बरं केलंस वहिनी," म्हणाली, कप विसळून ठेवला आणि निघून गेली.

आता गंमत अशी की छातीत हवा गच्च भरली की यकृत खाली ढकललं जातं आणि हृदयाकडे परतणारं रक्त जरा अडतं. हृदय कमी भरतं आणि चित्रात लहान दिसतं. हे मी शिकले नव्हते असं नाही. शिकले होते आणि दया आली तेव्हा विसरले. पण मी साधी चित्रं काढणारी बाई. विसरायचं नाही म्हणून जिला नेमलं होतं ती स्टेजवर उभी होती.

टाळ्या चालू असतानाच मला काका आठवले. त्यांच्या छातीत डबी बसवायचं ठरलं होतं. कातडीखाली बसवतात ती. हृदय अचानक भलतंच थरथरायला लागलं तर आतल्या आत झटका देऊन ताळ्यावर आणते, नाहीतर माणूस दोन मिनिटांत खलास. पिल्लूच्या सहीचा अहवाल गेला, हृदय नऊ टक्के लहान, सुधारणा स्पष्ट. काकांचा आकडा मुळात काठावरचा, त्यांचे डॉक्टर म्हणाले, मग राहू द्या डबी. काका ती बातमी सांगायला तळघरात आले होते, माझ्या टेबलावर बिस्किटांचा पुडा ठेवून गेले होते. परत व्हॅनवर जाणार म्हणाले, चौदा मुलं घेऊन.

रविवारी माझी पाळी होती आणि दुपारचा एक पेशंट आलाच नाही. नवऱ्याला फोन करून बोलावलं. घराची किल्ली आणून दे म्हटलं आणि आल्यावर सांगितलं, झोप आत. "मला काय झालंय?" म्हणाला. म्हटलं, "काही झालेलं नाही म्हणूनच तू पाहिजेस." स्वयंसेवकाच्या फॉर्मवर सही केली, कुरकुर करत बोगद्यात शिरला. आधी श्वास सोडून थांबवला, मग घेऊन थांबवला. मधे पाणीसुद्धा दिलं नाही. नवऱ्याचं हृदय पाच मिनिटांत आठ टक्के लहान झालं, औषधाचा थेंब न घेता.

"एवढं सुधारलो मी?" तो पडद्याकडे बघून हसला. मी कारण सांगितलं तेव्हा त्याचं हसू हळूहळू मावळलं. "पिल्लूला आत्ताच काही बोलू नकोस," एवढंच म्हणाला.

मी कशाला थांबते! सोमवारी सकाळी तिच्या प्रयोगशाळेत जाऊन थडकले. ती काचेच्या बशीतल्या हृदयाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघत होती. माणसाचं नाव नाही, गाव नाही, नुसता स्नायूचा तुकडा, आणि तो आपला एकटाच आकसतोय, सुटतोय. मी दोन्ही चित्रं तिच्यासमोर ठेवली. "हे तुझ्या दादाचं हृदय. आधीचं आणि पाच मिनिटांनंतरचं."

पिल्लू हुशार आहे, ते कुणी नाकारू नये. तिनं यकृताकडे एकदाच पाहिलं आणि उठून दार लावलं.

"दुसरी फेरी सगळी अशीच?"

"सगळी. आणि तुला मी सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस," ती म्हणाली. खुर्चीत बसली, दोन्ही हातांनी कपाळ धरलं. "हो, चहा पिताना. माझ्या डोक्यात शिरलंच नाही गं वहिनी."

खरं सांगते, तेव्हा मला तिची कीव आली. सात वर्षं राबली होती ती. विभागप्रमुखाची निवड तीन आठवड्यांवर होती, मोठ्या चाचणीची मंजुरीही त्याच बैठकीत. ती म्हणाली, तेवढे तीन आठवडे दे, मग मी स्वतः चूक जाहीर करते. मी म्हटलं, "तुझ्या चुकीचं तू तीन वर्षांनी जाहीर कर, मला काय! काकांचं काय ते बोल. त्यांना आज डबी नाही."

"त्यांच्या डॉक्टरांना मी आजच फोन करते."

"नक्की?"

"वहिनी, मी काय माणूस मारायला बसलेय का?"

मी विश्वास ठेवला. घरची पोर, माझ्या लग्नात शाळेचे बूट घालून नाचलेली. विश्वास न ठेवून करता काय?

दहा दिवस गेले. अकराव्या दिवशी मीच काकांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले. त्यांना कसलाही फोन आलेला नव्हता. मी सगळं सांगितलं. ते पेनाचं टोपण काढत-घालत ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "तुम्ही म्हणता ते खरं असेलही. पण सही तुमच्या मॅडमची आहे. त्यांच्याकडून लेखी आणा." म्हटलं, अहो, निदान पेशंटला बोलावून पुन्हा तपासा. म्हणाले, "तंत्रज्ञाच्या तोंडी सांगण्यावरून?" पुढं काय बोलणार, कपाळ?

तिथून तडक काकांच्या घरी. चौथा मजला, लिफ्ट नाही. दार त्यांच्या बायकोनं उघडलं. काका बनियनवर बसून व्हॅनच्या सीटचं फाटलेलं कव्हर शिवत होते. मला बघून उठले नाहीत, तिथंच मला शंका यायला हवी होती. मी दोन श्वासांची गोष्ट सांगितली, चित्रं दाखवली, म्हटलं, तुमचं हृदय लहान झालेलंच नाही, तुम्हाला डबीची गरज आहे, उद्याच्या उद्या दुसऱ्या इस्पितळात तपासून घ्या.

काकांनी सुई कापडात खोचून ठेवली. "मॅडमचा फोन आला होता मला. गेल्या सोमवारच्या आधीच्या सोमवारी."

म्हणजे त्याच दिवशी. तिनं शब्द पाळला होता म्हणायचं. फक्त डॉक्टरांऐवजी पेशंटला केला.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, आमच्या वहिनी येतील, काहीबाही सांगतील. घरात जरा वाद चाललाय, मनावर घेऊ नका." काका माझ्याकडे असे बघत होते, जसं काही मी त्यांच्या खिशात हात घालताना सापडले. "ताई, मी हे चार मजले दिवसातून दोनदा चढतो. आधी दुसऱ्यावर बसावं लागायचं. तुमच्या घरातली भांडणं माझ्या छातीत कशाला आणता?"

चढत असतील हो. आनंदानं माणूस काय काय चढतो. मी बोलत राहिले, त्यांनी पुन्हा सुई उचलली. बायको मला दारापर्यंत सोडायला आली आणि माझ्यामागे कडी लावून घेतली.

जिन्यात उभी राहून मी विचार केला. घरी जावं, मूग गिळून बसावं, उरलेले दहा दिवस संपतील. पण दहा दिवस म्हणजे व्हॅनच्या पंधराएक फेऱ्या, त्यात चौदा मुलं आणि स्टिअरिंगवर हा गृहस्थ. खाली उतरले आणि रस्त्यावरूनच त्यांच्या शाळेला फोन लावला. मुख्याध्यापिका बाईंना पेशंटचं नाव, आजार, सगळं सांगितलं. असं सांगायचं नसतं. आमच्या नोकरीत ह्याच्यापेक्षा मोठा गुन्हा नाही, आणि मला तो पाठ होता. तरी सांगितलं.

त्यापुढचं भराभर झालं. शाळेनं काकांना घरी बसवलं आणि दुसऱ्या इस्पितळातून नवा अहवाल आणायला लावलं. तिथं श्वास सोडून थांबवतात. हृदय जेवढं होतं तेवढंच मोठं निघालं, कणभर जास्तच. आता ही बातमी तिकडून फुटणार हे दिसताच पिल्लूनं एका दिवसात पवित्रा बदलला. तंत्रज्ञानं परस्पर पद्धत बदलल्याचं आपल्या लक्षात आलं आहे, असं तिनं स्वतःच लिहून कळवलं, निष्कर्ष मागे घेतले आणि सेहेचाळीस पेशंटांना एकेक करून फोन केले. लोक म्हणाले, काय प्रामाणिक बाई! स्वतःचं संशोधन स्वतः मोडायला धमक लागते. विभागप्रमुख तीच झाली. काकांनाही तिनंच समजावलं आणि त्यांनी डबी बसवून घेतली.

आणि माझ्याविरुद्ध तक्रार केली. त्यांच्या बायकोच्या अक्षरात होती, मी वाचली. ह्या बाईंनी आधी माझी खोटी चित्रं काढली, मग माझी बदनामी करून नोकरी घालवली. अक्षर सुंदर होतं.

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी मी नवऱ्याला म्हटलं, "तुझ्या दोन चित्रांवर तारीख आहे. पिल्लूच्या 'लक्षात' यायच्या अडीच आठवडे आधीची. ती दाखवायला तुझी सही लागते." तो टीव्ही बघत होता. बंद असलेला.

"बहीण आहे माझी," तो म्हणाला. "तिला खाली खेचायला माझंच काळीज वापरणार?"

"आणि मी कोण?"

"तू समजूतदार आहेस." हे तो आमच्या लग्नापासून म्हणत आलाय. प्रत्येक वेळी माझं काहीतरी गेलंय. मी कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला, त्याच्या सहीशिवाय.

चौकशीच्या खोलीत तिघं जण टेबलामागे, बाजूला पिल्लू. मला विचारलं, श्वासाची सूचना लेखी नोंद न करता बदलली का? बदलली. पेशंटची माहिती बाहेर सांगितली का? सांगितली. डॉक्टर मॅडमना बदलाची कल्पना दिली होती का? दिली होती. पिल्लूकडे वळून तेच विचारलं. ती पाण्याच्या ग्लासकडे बघत म्हणाली, "मला कधीच सांगितलं गेलं नाही." आवाज अगदी मऊ. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मी गप्प राहिले, कारण माझ्याकडे अजून काका होते. ते साक्षीला येणार होते, आणि तो सोमवारचा फोन त्यांनाच आला होता. तारीख, वार, शब्द, सगळं त्यांच्या तोंडून निघणार होतं. मी फक्त विचारायचा अवकाश.

काका आले. बारीक झाले होते, डाव्या खांद्याखाली शर्टाला उंचवटा दिसत होता. अध्यक्षांनी तब्येत विचारली, तर ह्यांचा पट्टा सुरू. "मागच्या आठवड्यात दुकानाच्या दारात पडलो साहेब. डोळ्यापुढं अंधार, आणि छातीत घोड्यानं लाथ मारावी तसा दणका. डबीनं मारला म्हणे. डॉक्टर म्हणाले, डबी नसती तर तिथंच गेला होता. पण काय सांगू, तो दणका! दुसऱ्या दिवशी म्हणालो, काढून टाका ही ब्याद, मेलो तर मेलो. बायको रडली, पोरं रडली, मी काही कुणाच्या बापाचं ऐकणारा नाही. मॅडम घरी आल्या. दोन तास बसल्या. त्यांचा शब्द मी मोडत नाही. त्यांनी वेळेवर चूक पकडली म्हणून तर हा जीव राहिला."

पिल्लूनं तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. तिला कळत होतं मी काय विचारणार ते. चेहरा पांढराफटक पडला होता तिचा.

"तुम्हाला ह्यांना काही विचारायचंय?" अध्यक्ष मला म्हणाले.

प्रश्न जिभेवर होता. काका, त्या सोमवारी मॅडमनी फोनवर काय सांगितलं होतं? एवढ्या एका प्रश्नात पिल्लू संपली असती. मला तेच पाहिजे होतं, खोटं कशाला बोलू, महिनाभर रात्रंदिवस तेच पाहिजे होतं. पण मॅडम खोटं बोलल्या हे कळल्यावर ह्या हट्टी माणसानं त्यांच्या शब्दाखातर ठेवलेली डबी किती दिवस ठेवली असती? माझ्या शब्दावर तर तो पाणीसुद्धा पिणार नव्हता.

"काका," मी विचारलं, "डबीची तपासणी दर तीन महिन्यांनी करायची असते. करणार ना?"

ते माझ्याऐवजी अध्यक्षांकडे बघून म्हणाले, "मॅडमनी तारखा लिहून दिल्यात. त्याप्रमाणे जाणार."

"मग मला काही विचारायचं नाही," मी म्हणाले.

काका उठले. पिल्लूपाशी थांबून "येतो मॅडम" म्हणाले आणि माझ्या खुर्चीला वळसा घालून बाहेर गेले. अध्यक्षांनी एक कागद माझ्यापुढं सरकवला. सगळी चूक माझी एकटीची, असं त्यावर तीन ओळींत लिहिलेलं होतं. मी वाचून सही केली.